जर्मनीतलं भाड्याचं घर आणि वीज-गॅसचं बिल: पर्यावरणाचे टॅक्स कुठे बसतात आणि त्यातले कोणते घरमालकाकडून परत मागता येतात

जर्मनीत आल्यावर पहिल्या वर्षी ज्या पत्राने पोटात गोळा येतो ते इन्कम टॅक्सचं नसतं, ते वीज नाहीतर गॅस कंपनीचं असतं. मला आलं ते फेब्रुवारीत. पाच पानं, आणि चौथ्या पानावर जाड अक्षरात नाखत्सालुंग, म्हणजे वरून भरायची रक्कम, ४१२ युरो. दर महिन्याला अकाउंटमधून पैसे जात होते, मग हे कशाचे, हे मला दोन दिवस कळलंच नव्हतं. डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ लावली तेव्हा समजलं की बिलात विजेच्या दराशिवाय पाच-सहा निरनिराळे आकार आहेत, त्यातले काही पर्यावरणासाठीचे, काही नाहीत, आणि गॅस जाळून निघणाऱ्या सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर, लागणाऱ्या खर्चातला काही भाग तर कायद्याने घरमालकाने द्यायचा असतो. तो भाग मी एक वर्ष मागितलाच नाही, कारण कोणी सांगितलंच नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी एक मोकळेपणाने सांगते. हे टॅक्स चुकवता येत नाहीत, कंपनी बदलली तरी ते तेवढेच राहतात (एक बारीकसा अपवाद आहे, तो पुढे येईल). ते युनिटमागे, म्हणजे बिलावरच्या kWh मागे, लागतात, त्यामुळे आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, युनिट कमी करणं आणि ज्याने भरायचाय त्याच्याकडून तो वाटा घेणं.

चावी घ्याल त्या दिवशी

घरात पाऊल ठेवलं की सामान लावायच्या आधी मीटर शोधा. विजेचा बहुतेक तळघरात किंवा जिन्यात असतो, गॅसचा कधी स्वयंपाकघरात नाहीतर बाथरूममध्ये. दोन्हींचा फोटो काढा, आकडा आणि त्यावरचा त्सेलरनुमर म्हणजे मीटर नंबर एकाच फोटोत दिसला पाहिजे. घर ताब्यात घेताना जो कागद सही करतो, यूबरगाबेप्रोटोकोल, त्यात हे आकडे लिहून घ्या आणि घरमालकाची सही घ्या. हे केलं नाही तर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या नावावर येऊ शकतात आणि मग त्या युनिटवरचे सगळे टॅक्सही तुमचेच.

दुसरी गोष्ट, ६ जून २०२५ पासून विजेचा नियम बदललाय. पूर्वी घरात राहायला आल्यावर काही आठवडे मागच्या तारखेपासून नवीन कंपनीत नाव नोंदवता यायचं, आता मागची तारीख चालत नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट आधीच करून ठेवायचं. ते केलं नाही आणि तुम्ही नुसता दिवा लावलात तरी त्या भागातल्या मुख्य कंपनीचे तुम्ही आपोआप ग्राहक होता, याला ग्रुंडफरझोर्गुंग म्हणतात. वीज बंद पडत नाही हे चांगलंच आहे, पण दर बहुतेक वेळा जास्त असतो. घाबरायचं कारण नाही, त्यातून दोन आठवड्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. नवीन कॉन्ट्रॅक्ट करताना मीटर नंबर किंवा अकरा आकडी मार्क्टलोकात्सियोन नंबर विचारतात, तो आधीच्या बिलावर असतो, घरमालकाकडे मागा.

वीजबिल कसं फोडायचं

बिलात दोन मुख्य दर असतात. ग्रुंडप्राइस म्हणजे दर महिन्याचा ठरलेला आकार, वापरा नाहीतर नका वापरू. आरबाइट्सप्राइस म्हणजे युनिटमागचा दर. टॅक्स सगळे या दुसऱ्यात मिसळलेले असतात, आणि कुठेतरी आतल्या पानावर त्याची फोड दिलेली असते. ते पान काढा आणि बाजूला पेन घेऊन बसा.

समजा तुमचा दर युनिटला ३५ सेंट आहे आणि तुम्ही मोठ्या शहरात राहता. त्यात श्ट्रोमश्टॉयर म्हणजे वीज कर २.०५ सेंट. हा १ एप्रिल १९९९ ला पर्यावरण कर सुधारणेत आला, तेव्हाचे चान्सलर गेरहार्ड श्र्योडर यांच्या सरकारात, आणि २००३ पासून आकडा तोच आहे. नाव पर्यावरणाचं असलं तरी यातला बराचसा पैसा पेन्शन विम्यात जातो, पगारातून कापला जाणारा पेन्शनचा हप्ता वाढू नये म्हणून, म्हणजे विजेवर द्यायचा आणि पगारातलं ओझं हलकं करायचं असा तो विचार होता. मग तीन उमलागे, म्हणजे सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकलेले खर्च. वीज आणि उष्णता एकत्र तयार करणाऱ्या प्लांटसाठीचा २०२५ मध्ये ०.२७७ सेंट, समुद्रातल्या पवनचक्क्या ग्रीडला जोडण्यासाठीचा ०.८१६ आणि नेटवर्कच्या दरातल्या सवलतींची भरपाई म्हणून १.५५८. हे आकडे दर वर्षी बदलतात, बिल कुठल्या वर्षाचं आहे ते बघा. त्यानंतर कोन्त्सेसियोन्सआबगाबे, म्हणजे गावाच्या रस्त्याखालून केबल टाकायच्या हक्काचे पैसे, पाच लाखांहून मोठ्या शहरात २.३९ सेंट, पंचवीस हजारांपर्यंतच्या गावात १.३२. हा पर्यावरणाचा नाही, थेट नगरपालिकेत जातो. आणि या सगळ्यावर १९ टक्के व्हॅट, टॅक्सवर सुद्धा.

बेरीज केली तर ३५ मधले साधारण साडेबारा सेंट हे टॅक्स आणि आकार. पण त्यातले खरंच पर्यावरणाशी जोडलेले, म्हणजे वीज कर आणि पहिले दोन उमलागे, व्हॅट धरून पावणेचार सेंट. वर्षाला २००० युनिट जाळणाऱ्या जोडप्याला हे वर्षाचे ७५ युरो. महिन्याचे सहा-सव्वासहा. हे मी मुद्दाम काढून दाखवतेय, कारण आपल्या लोकांत ग्रीन टॅक्समुळे बिल दुप्पट झालं असं सर्रास बोलतात आणि मग जिथे खरा खर्च आहे तिकडे कोणी बघतच नाही.

जुन्या लेखांत किंवा ओळखीच्यांच्या तोंडून ईईजी उमलागे, म्हणजे सौर-पवन अशा विजेसाठीचा आकार, हे नाव ऐकाल. २०१७ मध्ये तो एकटाच ६.८८ सेंट होता, पण १ जुलै २०२२ पासून शून्य झाला, आता तो खर्च सरकार स्वतःच्या निधीतून करतं. तुमच्या आजच्या बिलात कोणी तो लावला असेल तर लगेच विचारा. आणि हिरव्या विजेचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं की वीज कर माफ होतो असंही काही जण सांगतात, तसं नाहीये, ग्रीडमधून घरात येणाऱ्या प्रत्येक युनिटवर तो लागतोच. हिरवी वीज घ्या, जरूर घ्या, मी पण घेतलीय, पण टॅक्स वाचेल म्हणून नाही.

खरा भार गॅसमध्ये आहे

घर गरम करायला गॅस असेल तर इथे थांबा आणि नीट वाचा. गॅसवर दोन आकार पर्यावरणाच्या नावाने येतात. एक एनर्गीश्टॉयर म्हणजे ऊर्जा कर, युनिटला ०.५५ सेंट. दुसरा सीओटूची किंमत. ही २०२१ मध्ये टनाला २५ युरोने सुरू झाली, २०२२ आणि २०२३ मध्ये ३०, २०२४ ला ४५, २०२५ ला ५५, आणि २०२६ साठी ५५ ते ६५ चा पट्टा ठरवलाय. म्हणजे पाच वर्षात दुपटीहून जास्त. यावरही व्हॅट १९ टक्के, मधे काही काळ गॅसवरचा व्हॅट ७ टक्के होता पण १ एप्रिल २०२४ पासून परत १९ झाला.

गॅसचा मीटर घनमीटर दाखवतो आणि बिल युनिटमध्ये येतं, त्यामुळे गोंधळ होतो. एक घनमीटर म्हणजे साधारण १० ते ११ युनिट, नेमका गुणक बिलावर असतो.

आता हिशोब बघा. ६० चौरस मीटरचा जुना फ्लॅट, वर्षाला १२,००० युनिट गॅस. एक युनिट जाळलं की साधारण ०.१८ किलो सीओटू, म्हणजे वर्षाला २१६० किलो. टनाला ५५ युरो धरले तर ११८.८० आणि व्हॅटसकट १४१ युरो. एनर्गीश्टॉयरचे व्हॅटसकट ७८. म्हणजे नुसत्या गॅसवर पर्यावरणाचे २२० युरोच्या आसपास, विजेवरच्या तिप्पट. दिवे बंद करत फिरण्याआधी रेडिएटरकडे बघायला हवं ते यासाठी.

घरमालकाचा वाटा

हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. १ जानेवारी २०२३ पासून एक कायदा आहे, नाव लांबलचक आहे, कोलेनडिऑक्सिड-कोस्टेन-आउफटाइलुंग्स-गेझेत्स, म्हणजे सीओटूचा खर्च वाटून घ्यायचा कायदा. त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. भाडेकरू खिडकी बंद ठेवू शकतो, रेडिएटर कमी करू शकतो, पण भिंतींना इन्सुलेशन लावणं किंवा तीस वर्षं जुना बॉयलर बदलणं त्याच्या हातात नाही, ते घरमालकाच्या हातात आहे. मग घर जितकं वाईट तितका घरमालकाने जास्त वाटा उचलायचा.

मोजायचं कसं, तर वर्षाचा सीओटू भागिले घराचं क्षेत्रफळ. चौरस मीटरला १२ किलोपेक्षा कमी आलं तर सगळा खर्च भाडेकरूचा. १२ ते १७ मध्ये घरमालकाचे १० टक्के, १७ ते २२ मध्ये २०, २२ ते २७ मध्ये ३०, २७ ते ३२ मध्ये ४०, ३२ ते ३७ मध्ये निम्मे निम्मे, ३७ ते ४२ मध्ये घरमालकाचे ६०, ४२ ते ४७ मध्ये ७०, ४७ ते ५२ मध्ये ८०, आणि ५२ च्या वर गेलं की घरमालकाचे ९५ टक्के. वरच्या उदाहरणात २१६० भागिले ६० म्हणजे ३६ किलो, म्हणून निम्मे, म्हणजे १४१ मधले ७० युरो परत. दर वर्षी.

आता तुमच्या घरात हीटिंग कसं आहे त्यावर पुढचं ठरतं.

फ्लॅटमध्येच भिंतीवर गॅसथेर्मे, म्हणजे गॅसवरचा छोटा बॉयलर, लटकलाय आणि गॅसचं कॉन्ट्रॅक्ट तुमच्या नावावर आहे, तर मागणी तुम्ही स्वतः करायची, घरमालक आपणहून देईल याची वाट बघत बसू नका. गॅस कंपनीला बिलावर सीओटू किती किलो आणि त्याचा खर्च किती हे छापावंच लागतं, ते दोन आकडे शोधा, बहुतेक शेवटच्या पानांवर असतात. बिल वर्षाच्या मधून मधे असेल तर दोन वर्षांचे दर मिसळलेले असतात, म्हणून स्वतः गुणाकार करत बसण्यापेक्षा छापलेलाच आकडा घ्या. भाडेकरारातून चौरस मीटर घ्या. केंद्र सरकारच्या मंत्रालयाचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे, त्यात घातलं की टक्केवारी आणि रक्कम दोन्ही मिळतं, ते पान पीडीएफ करून ठेवा. त्याच गॅसवर स्वयंपाकाची शेगडी पण चालत असेल तर परताव्यातले ५ टक्के कमी होतात, ते आधीच कमी करून मागा, घरमालकाला नाही म्हणायला जागा राहत नाही.

मग घरमालकाला लेखी कळवा. कायद्याला लेखी मजकूर पुरतो, म्हणजे ईमेल चालते. मजकूर लहान ठेवा, जर्मनमध्ये लिहा, त्यात पत्ता, बिलाची तारीख आणि काळ, सीओटू किलोमध्ये, चौरस मीटर, त्यातून आलेली टक्केवारी, मागायची रक्कम आणि तुमचा आयबॅन म्हणजे बँक खात्याचा नंबर, आणि सोबत बिल आणि कॅल्क्युलेटरचं पान. मुदत लक्षात ठेवा, कंपनीने बिल केल्यापासून बारा महिने. त्यानंतर हक्क जातो, माझा एका वर्षाचा तसाच गेला. घरमालक ती रक्कम वार्षिक नेबेनकोस्टेनच्या, म्हणजे भाड्याबरोबरच्या इतर खर्चांच्या, हिशोबात वळती करू शकतो, म्हणून लगेच पैसे आले नाहीत तर चिडू नका, पण पुढच्या हिशोबात ती ओळ दिसली पाहिजे.

मी पहिल्यांदा मागितले तेव्हा खूप अवघडल्यासारखं झालं होतं. परक्या देशात, घर मिळायलाच चार महिने लागलेले, आणि त्याच घरमालकाला पैसे मागायचे. तीन वेळा ईमेल लिहून खोडली. शेवटी पाठवली, पहिलं उत्तर आलं की असं काही नसतं. मी शांतपणे कायद्याचं नाव आणि कॅल्क्युलेटरचं पान परत पाठवलं, दोन आठवड्यात पैसे आले आणि पुढच्या वर्षी न मागता आले. यात भांडण नाहीये, कायद्याने ठरलेला हिशोब आहे.

दुसरा प्रकार म्हणजे तळघरात एकच मोठा बॉयलर आणि हीटिंगचा हिशोब घरमालक पाठवतो. इथे वाटणी त्याने स्वतः करून हाइत्सकोस्टेनआबरेश्नुंग म्हणजे हीटिंगच्या वार्षिक हिशोबात दाखवायची असते. त्या कागदावर सीओटू हा शब्द शोधा. कुठेच नसेल तर तुमच्या वाट्याच्या हीटिंग खर्चातून ३ टक्के कापून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. हिशोब मिळाल्यापासून बारा महिन्यात हरकत घेता येते, आणि घरमालकाने सुद्धा वर्ष संपल्यावर बारा महिन्यात तो हिशोब द्यायचा असतो, उशिरा दिला तर साधारणपणे वरची रक्कम मागता येत नाही.

अपवाद पण आहेत. इमारत संरक्षित वारसा असेल आणि त्यामुळे भिंती किंवा हीटिंग यातलं एक सुधारता येत नसेल तर घरमालकाचा वाटा निम्मा होतो, दोन्ही सुधारता येत नसतील तर शून्य. विजेवर चालणाऱ्या हीटिंगला ही वाटणी लागूच नाही. वे-गे म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर क्षेत्रफळ अख्ख्या फ्लॅटचं धरायचं, आपल्या खोलीचं नाही, आणि परत आलेले पैसे सगळ्यांत वाटायचे.

आबश्लाग, म्हणजे महिन्याचा हप्ता

आपल्याकडे रीडिंग घेऊन बिल येतं, इथे अंदाजाने हप्ता ठरतो आणि वर्षाच्या शेवटी हिशोब. माझे ४१२ युरो यातूनच आले, टॅक्स वाढला म्हणून नाही. कॉन्ट्रॅक्ट करताना वापर १२०० युनिट टाकला होता, कमी हप्ता बघून बरं वाटलं, आणि खरा वापर जवळपास दुप्पट.

हप्ता स्वतः काढा. २००० युनिट गुणिले ३५ सेंट म्हणजे ७०० युरो, त्यात ग्रुंडप्राइस महिन्याला १२ धरला तर १४४, एकूण ८४४, भागिले १२ म्हणजे ७० युरो. कंपनी ५० म्हणत असेल तर स्वतःहून ७० करून घ्या. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढा, मागच्यातून वजा करा, बस्स. गॅसचं मात्र महिन्याच्या आकड्यावरून घाबरू नका, डिसेंबर-जानेवारीत वर्षातला मोठा भाग जळतो आणि जुलैत जवळपास काहीच नाही, म्हणून तिथे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा.

जानेवारीत सीओटूचा दर, उमलागे हे सगळं बदलतं, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या दिवशीचं रीडिंग कंपनीला कळवा. नाहीतर कंपनी अंदाजाने युनिट दोन वर्षात विभागते, आणि जुन्या दराचे युनिट नव्या दरात जाऊ शकतात. दोन मिनिटांचं काम आहे.

युनिट कुठे कमी होतात

ऑफिसातल्या एका मुलाचा फोन आला होता, नुकताच आलेला. "ताई, मी संध्याकाळी दिवे पण लावत नाही, दिवसभर ऑफिसात असतो, तरी दोन हजार युनिट कसे?" मी म्हटलं, बाथरूममध्ये भिंतीवर पांढरी पेटी आहे का बघ. होती. डुर्शलाउफएरहित्सर, म्हणजे नळ उघडला की वाहतं पाणी विजेवर गरम करणारा गीझर. खालच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर २१ किलोवॅट लिहिलेलं. पूर्ण ताकदीने दहा मिनिटं चालला तर साडेतीन युनिट, ३५ सेंटने सव्वा युरोच्या जवळ, एका आंघोळीला. त्याच्या मीटरजवळ मी त्याला उभं केलं आणि त्याच्या मित्राला नळ उघडायला लावला, आकडा कसा पळतो ते बघून तो म्हणाला आता कळलं. त्याने पेटीवरचं तापमान ६० वरून ४० केलं म्हणजे नंतर गार पाणी मिसळावं लागत नाही, आणि पाणी कमी सोडणारा शॉवर लावला. अशी पेटी असेल तर दिवे, चार्जर, फ्रिज हे सगळं नंतर.

रेडिएटरवरचे आकडे म्हणजे वेग नाही, तापमान आहे. ३ म्हणजे साधारण २० अंश, एकेका आकड्यात चार अंशांचा फरक. घर गार असताना ५ वर केलं तर लवकर गरम होत नाही, फक्त जास्त गरम होत राहतं. एक अंश कमी केलं की हीटिंगचा खर्च साधारण सहा टक्के उतरतो. हवा बदलायला खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवू नका, त्याऐवजी रेडिएटर बंद करून दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा, याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. पण पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद ठेवून राहू नका, मी कळकळीने सांगते, भिंतीला बुरशी धरते, तब्येत बिघडते आणि घरमालकाशी वाद होतो तो वेगळा. सोफा किंवा जाड पडदा रेडिएटरसमोर असेल तर हलवा.

बाल्कनी उन्हाची असेल तर छोटं सोलर, बाल्कोनक्राफ्टवेर्क, खरंच विचार करण्यासारखं आहे. ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर चालतो, सरकारी रजिस्टरमध्ये ऑनलाइन नोंद करायची, २०२३ पासून यावर व्हॅट शून्य आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून घरमालक सबळ कारणाशिवाय नाही म्हणू शकत नाही, पण आधी विचारायचं मात्र असतंच. त्यातून तुम्ही वापरलेल्या युनिटवर ना वीज कर, ना उमलागे. बाल्कनी उत्तरेला असेल तर सोडून द्या.

कॉन्ट्रॅक्ट आणि दरवाढीचं पत्र

तुलना करणाऱ्या साइट्स पहिल्या वर्षाचा बोनस धरून स्वस्त दाखवतात, तो फिल्टर काढा आणि मगच बघा. आणि प्राइसगारंटी म्हणजे दराची हमी, या शब्दाच्या आधी आइनगेश्रेंक्ट म्हणजे मर्यादित असं लिहिलंय का ते नक्की वाचा. अशा हमीत टॅक्स आणि उमलागे बहुतेक धरलेले नसतात, म्हणजे जानेवारीत ते वाढले की तुमचा हमीचा दर पण वाढतो. लोक म्हणतात फसवलं, पण ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तो अपवाद म्हटला होता तो हा, गॅसमध्ये नगरपालिकेचा आकार ग्रुंडफरझोर्गुंगमध्ये जास्त असतो, शहराच्या आकारानुसार हीटिंगसाठी ०.२२ ते ०.४० सेंट, आणि साध्या वेगळ्या कॉन्ट्रॅक्टवर गेलं की फक्त ०.०३. मोठी रक्कम नाही, पण कंपनी बदलून कमी होणारा हा एक आकार आहे.

दर वाढतोय असं पत्र आलं की तुम्हाला मुदतीआधी कॉन्ट्रॅक्ट सोडायचा हक्क मिळतो, झोंडरक्युंडिगुंग्सरेश्ट. वाढ टॅक्समुळे आहे म्हणून हा हक्क नाही असं कोणी म्हटलं तर ते मान्य करू नका, २०१७ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने टॅक्स आणि आकार वाढले तरी तो हक्क आहे असं म्हटलंय. फक्त व्हॅटचा दर बदलला तर वेगळं पत्र पाठवायचं बंधन कंपनीवर नाही. अशी पत्रं कधी कधी साध्या जाहिरातीसारखी ईमेल म्हणून येतात, म्हणून कंपनीची कुठलीही ईमेल न वाचता डिलीट करू नका.

अडलं तर

बिल चुकीचं वाटलं तर आधी कंपनीला लेखी कळवा, मीटरचा फोटो जोडा. चार आठवड्यात सोडवलं नाही तर श्लिश्टुंग्सश्टेले एनर्गी म्हणून बर्लिनमध्ये तक्रार निवारण संस्था आहे, ग्राहकाला फुकट. घरमालकाशी वाद असेल तर मीटरफराइन, भाडेकरूंची संघटना, वर्षाची फी भरून सभासद व्हायचं. बिल समजून घ्यायचं असेल तर फरब्राउखरत्सेंट्राले म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, तिथे एनर्जी सल्ला मिळतो, जर्मन कच्चं असेल तर कोणाला तरी सोबत न्या. उत्पन्न कमी असेल तर कारितास या चर्चच्या मदतसंस्थेचा श्ट्रोमश्पार-चेक, म्हणजे वीज बचतीची तपासणी, आहे, घरी येऊन मोजतात. आणि मोठी नाखत्सालुंग एकदम झेपत नसेल तर गप्प बसू नका, भरायच्या तारखेच्या आत कंपनीला हप्ते मागा, रातेनत्सालुंग हा शब्द लिहा. मी माझे ४१२ चार हप्त्यात भरले, एका ईमेलवर मिळाले.

घर सोडताना

जाताना परत तेच, मीटरचा फोटो, प्रोटोकोलमध्ये आकडा, घरमालकाची सही. वीज आणि गॅसचं कॉन्ट्रॅक्ट घर सोडायच्या आधीच बंद करायला सांगा, विजेचं मागच्या तारखेने बंद करणं आता इथेही चालत नाही, उशीर केलात तर नवीन भाडेकरूचे युनिट तुमच्या नावावर पडतील. कंपनीने शेवटचं बिल सहा आठवड्यात द्यायचं असतं, त्यासाठी नवा पत्ता द्या, देश सोडून जात असाल तरी द्या आणि जर्मन बँक अकाउंट तोवर बंद करू नका. त्या शेवटच्या बिलावर पण सीओटूचे किलो छापलेले असतात आणि घर सोडलं तरी जुन्या घरमालकाकडे त्याचा वाटा मागता येतो, बारा महिने तेच लागू, म्हणून त्याचा ईमेल पत्ता डिलीट करू नका.